नोंदीप्रमाणे आत

निवृत्तीच्या दिवशी दुपारी एक वाजता फिटरबाई कारखान्यात हरवल्या. पुढचे दोन तास सगळा कारखाना त्यांना शोधत होता आणि त्या कारखान्याच्या फाटकाबाहेर उभ्या होत्या.

कारखाना कागदाचा. फिटरबाईंनी तिथे एकतीस वर्षं काढली, त्यातली सव्वीस व्हॉल्व्हच्या कामात. बोलणं मोजकं आणि चालणं भरभर. हातात पाना नसला की हातांचं काय करायचं ते त्यांना सुचत नसे. त्यांचा नवरा शिंपी होता. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान होतं. बायको रोज सकाळी जाते, संध्याकाळी हातांना ग्रीस लावून येते आणि मधे कसलीतरी दुरुस्ती करते, एवढीच त्याला तिच्या कामाची माहिती. त्याने कधी खोदून विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही. घरात बोलायला दुसरे विषय भरपूर होते.

निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यात बाईंनी हट्टाने एक काम मागून घेतलं. बॉयलरमधून वाफ प्रचंड दाबाने निघते. कागद वाळवायच्या रुळांना एवढा दाब चालत नाही, म्हणून वाटेत एक मोठा कंट्रोल व्हॉल्व्ह तो दाब कमी करतो. दाब एकदम उतरला की वाफ किंचाळते. ती किंचाळू नये म्हणून या व्हॉल्व्हच्या पोटात एक जाडजूड पोलादी नळकांडं असतं, त्याला केज म्हणतात. केजला शेकडो बारीक भोकं असतात. एवढी मोठी वाफ त्या भोकांतून बारीक बारीक होऊन जाते आणि आवाज निम्म्याहून कमी होतो. व्हॉल्व्ह मुद्दाम आवाज कमी करणारा म्हणून आणलेला. पण दोन वर्षांपूर्वी बाहेरच्या ठेकेदाराने तो अर्ध्या दिवसात उघडून बंद केला, आणि तेव्हापासून तो असा ओरडायला लागला की त्या इमारतीत कोणी कोणाशी बोलेनासंच झालं. माणसं खुणा करत. कॅंटीनवाल्याकडे एक बोट दाखवलं की चहा, दोन बोटं दाखवली की चहा आणि बिस्किट. एकाने भर उन्हाळ्यात चुकून पूर्ण पंजा दाखवला, तेव्हा कॅंटीनवाला फर्स्ट एडची पेटी घेऊन धावत आला होता.

"जायच्या आधी मला याच्या पोटात काय आहे ते बघायचंय," असं बाईंनी साहेबांना लिहून दिलं. सांगून ऐकू येण्याची सोय नव्हती.

त्या दिवशी सकाळी बॉयलर बंद झाला. बाईंनी आणि त्यांच्या जोडीदार फिटरने काम सुरू केलं. हा फिटर चाळिशीचा आणि उंचीला छताशी भांडण असल्यासारखा, म्हणून त्याला सगळे लंबू म्हणत. बाईंनी आधी व्हॉल्व्हच्या अलीकडचा आणि पलीकडचा असे दोन्ही रस्ते बंद करवले. मधल्या पाइपाचा निचरा उघडला. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा शून्यावर आला तरी त्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. निचऱ्यातून थेंबही येत नाही हे स्वतः वाकून पाहिलं. मग दोन्ही बंद व्हॉल्व्हच्या चाकांना साखळी घालून तिला आपलं लाल कुलूप लावलं. शेजारी लंबूने त्याचं पिवळं लावलं. कारखान्याचा नियमच होता: ज्याचे हात मशीनमध्ये, त्याचं कुलूप साखळीत, आणि किल्ली त्याच्याच जवळ.

बाईंच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा एक गुलाबी पट्टा होता. तरुणपणी त्यांचा हात एका व्हॉल्व्हमध्ये असताना कोणीतरी पलीकडून वाफ सोडली होती. त्या काळी किल्ल्या एका खिळ्याला टांगलेल्या असत, कोणीही घ्यावी. तेव्हापासून बाईंची किल्ली दोरीला बांधून गळ्यात असायची आणि त्यांनी ती कोणाच्याही हातात दिली नव्हती. नवऱ्याच्याही नाही.

झाकण उघडलं. केज बाहेर काढली. बाईंनी ती फिरवून पाहिली आणि डोक्याला हात लावला.

"उलटी बसवलीय."

"काय?" लंबू ओरडला. बॉयलर बंद होता, तरी सवय.

"उलटी. हा बाण वर पाहिजे, खाली आहे. आणि अर्धी भोकं गंजाने बुजलीत. दोन वर्षं आपण सगळे मुक्यांसारखे खुणा करत होतो ते या बाणापायी."

तेवढ्यात बोलावणं आलं. साडेबाराला बाईंचा निरोप समारंभ होता, रस्त्यापलीकडच्या ऑफिसच्या इमारतीत. मोठ्या साहेबांची गाडी त्यांना न्यायला थेट आत आली. बाई हात पुसत गाडीत बसल्या. गाडी साहेबांच्या खास फाटकातून बाहेर पडली, तिथे कार्ड लावायचं यंत्र नव्हतं.

"मी तासाभरात येते," बाई लंबूला म्हणाल्या. "कशालाही हात लावू नकोस."

समारंभात मोठ्या साहेबांनी बाईंना कारखान्याचा कणा म्हटलं. मग त्यांना चौकटीतला एक भला मोठा फोटो दिला. फोटो कारखान्याचाच होता, आकाशातून काढलेला. टाळ्या थांबायच्या आत कारकुनाने कॉम्प्युटरवर बाईंचं कार्ड बंद केलं. त्या ऑफिसात वेळेच्या आधी झालेलं एवढं एकच काम लोकांना आठवतं.

बाई फोटो काखेत घेऊन रस्ता ओलांडून फाटकावर आल्या आणि कार्ड लावलं. यंत्राने लाल दिवा दाखवला.

गेटवाल्याने पडद्यावर पाहिलं. "बाई, तुमचं कार्ड बंद झालंय. निवृत्त."

"मग पाहुणी म्हणून सोडा. माझं काम उघडं पडलंय आत."

गेटवाल्याने पाहुण्यांच्या यादीत त्यांचं नाव घातलं, मग थांबला, मग पडद्याच्या जवळ गेला. "नाही सोडता येत."

"का?"

"तुम्ही आत आहात."

"कुठे?"

"ते नाही दाखवत. पण सकाळी सात वाजून दोन मिनिटांनी आत गेलात, बाहेर पडल्याची नोंद नाही. जो आत आहे त्याला आत कसं सोडू? मग तुम्ही दोनदा आत व्हाल."

"अहो, मी तुमच्यासमोर उभी आहे!"

"मला दिसताय हो," गेटवाला अगदी मनापासून म्हणाला. "माझं काही म्हणणं नाही. तुम्ही आधी बाहेर या, मग मी लगेच आत सोडतो."

"बाहेर येण्यासाठी आत जायला नको का?"

"तेच तर. आणि आत जायला कार्ड नाही."

दोघेही थोडा वेळ यंत्राकडे पाहत राहिले.

तिकडे आत खात्याच्या साहेबांनी लंबूला सांगितलं की चार वाजता बॉयलर पेटवायचाय, व्हॉल्व्ह बंद करून टाक. लंबूने एकदा नाही म्हटलं, दुसऱ्यांदा मान हलवली, तिसऱ्यांदा कामाला लागला. झाकण बसल्यावर साहेबांनी साखळी काढायला सांगितली. लंबूने आपलं पिवळं कुलूप काढलं. लाल राहिलं.

कुलूप कापायचं म्हटल्यावर सुरक्षा अधिकाऱ्यांना बोलवावं लागलं. हे गृहस्थ सभ्य, गोरेगोमटे आणि नियमांचं जाडजूड पुस्तक पोटाशी धरून फिरणारे. बोलताना दर दोन वाक्यांमागे कुठल्यातरी कलमाचा आधार घेत, म्हणून त्यांना सगळे कलमसाहेब म्हणत.

"कुलूप कोणाचं?"

"बाईंचं."

"बाई कुठे आहेत?"

"निरोपाला गेल्या."

कलमसाहेबांनी नोंद मागवली. नोंदीप्रमाणे बाई आत होत्या. कलमसाहेबांचा चेहरा पडला. "कलम एकोणीस. कुलूप लावणारी व्यक्ती आवारात असेल आणि समोर नसेल, तर ती यंत्राच्या आत असू शकते. तिचा शोध लागेपर्यंत कुलपाला हात लावायचा नाही." त्यांनी बंद झाकणाकडे पाहिलं. "हे झाकण कोणी बसवलं?"

"मी," लंबू म्हणाला.

"बसवण्याआधी आत पाहिलं होतंस?"

लंबूने पाहिलं नव्हतं. व्हॉल्व्हचं पोट बादलीएवढं होतं, पण प्रश्न असा विचारला गेला की त्यालाही शंका यायला लागली.

कलमसाहेबांनी बाईंना फोन लावला. बाईंनी पहिल्याच घंटीला उचलला.

"बाई! तुम्ही कुठे आहात?"

"गेटवर."

"गेटच्या आत की बाहेर?"

"बाहेर. आणि हा मला आत सोडत नाही."

"नोंदीप्रमाणे तुम्ही आत आहात."

"साहेब, मी बाहेरून बोलतेय तुमच्याशी."

कलमसाहेब हळुवार आवाजात म्हणाले, "बाई, फोन आतूनही लागतो. अडकलेल्या माणसाला गोंधळल्यासारखं होतं, पुस्तकात तसं दिलंय. तुम्ही घाबरू नका. आजूबाजूला काय दिसतंय?"

"गेट दिसतंय! गेटवाला दिसतोय! तो केळं खातोय!"

"शांत राहा. आम्ही येतोय," कलमसाहेब म्हणाले आणि त्यांनी भोंगा वाजवला.

सगळा कारखाना अंगणात जमला. शिरगणती झाली. एक माणूस कमी भरला. म्हणजे शंकेला जागाच उरली नाही. चार तुकड्या निघाल्या. कपाटं उघडली, लगद्याच्या हौदांत बांबू घालून पाहिलं, कागदाच्या रिळांमागे विजेऱ्या मारल्या. सगळे "फिटरबाई! ओ फिटरबाई!" अशा हाका मारत होते. व्हॉल्व्हच्या इमारतीत तर दोन वर्षांत प्रथमच कोणी कोणाला तोंडाने हाक मारत होतं.

बाईंना त्या हाका भिंतीपलीकडून ऐकू येत होत्या. न राहवून त्यांनी भिंतीशी जाऊन ओ दिली.

आतली तुकडी जागच्या जागी थबकली. "आवाज आला! भिंतीतून आला!"

"भिंतीतून नाही, भिंतीपलीकडून!" बाई ओरडल्या.

"काय म्हणाल्या?"

"भिंतीत आहेत म्हणाल्या."

एकाने पहार आणली. चार घाव पडले आणि गिलाव्याचं ढेकूळ बाईंच्या पायाशी येऊन पडलं, तेव्हा बाईंनी यापुढे ओ द्यायची नाही असं ठरवलं. त्या गप्प झाल्यावर आत हलकल्लोळ झाला.

एव्हाना गेटवाल्याच्या फोनवर आतली बातमी आली होती: झाकण बसलंय, चारला वाफ सोडायचीय, अडलंय ते लाल कुलपापाशी. बाईंनी किल्ली गेटवाल्याकडून आत पाठवावी असं कोणीही म्हणेल. गेटवाल्याने तर दोनदा हात पुढे केला. बाईंनी किल्ली मुठीत धरली. "हिच्याशिवाय ती साखळी निघत नाही. साखळी निघाली नाही तर वाफ येत नाही. मी नाही तिथे आणि झाकण कसं बसवलंय ते मला ठाऊक नाही. ही माझ्याच हाताने उघडणार." गेटवाल्याला पटलं. त्याने त्यांना बसायला स्टूल आणून दिलं, फाटकाच्या फटीतून.

आता कलम तेवीस लागू झालं. हरवलेल्या कामगाराच्या जवळच्या नातेवाइकाला तातडीने आणून धीर द्यावा. जीप शिंप्याच्या दुकानावर गेली. शिंपी एका पँटची शिलाई उसवत होता. ड्रायव्हर म्हणाला, "तुमच्या पत्नी कारखान्यात हरवल्यात, चला." शिंपी गळ्यात टेप तशीच ठेवून जीपमध्ये बसला. वाटभर तो टेप बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिला. फाटकाशी जीप पुरती थांबायच्या आत त्याने उडी मारली.

आणि समोर स्टुलावर बायको बसलेली, मांडीवर कारखाना.

तो तिच्याजवळ गेला. आधी तिच्या खांद्याला हात लावून पाहिला. "अगं, तू हरवलीस म्हणे."

"हो."

"मग इथे काय करतेस?"

"मला आत शोधताहेत."

"सांगितलं नाहीस का त्यांना?"

"सांगितलं. त्यांचा विश्वास नाही."

शिंप्याने खिशातून रुमाल काढून चेहरा पुसला. त्याने आयुष्यभर गिऱ्हाइकांची मापं घेतली होती आणि माप चुकलंय हे मान्य करणारं गिऱ्हाईक त्याला एकही भेटलं नव्हतं, त्यामुळे त्याला फार आश्चर्य वाटलं नाही. पण त्याचे डोळे भरून आले होते. ते दिसू नयेत म्हणून तो फोटो बघायला लागला.

"तुझी जागा कुठेशी?"

बाईंनी बोट ठेवलं. एक करडं छप्पर, नखाएवढं. "इथे. अहो, तिथे काम उघडं पडलंय हो माझं. लंबूने घाईत बसवलं असणार. चार वाजता वाफ सोडायची म्हणताहेत."

गेटवाल्याने तोवर नातेवाइकांचा पास भरायला घेतला होता. "आपण हरवलेल्या बाईंचे कोण?"

"नवरा."

"वाईट झालं," गेटवाला म्हणाला. "नातेवाइकासोबत धीर द्यायला एक जण नेता येतो. कोणी आहे सोबत?"

शिंप्याने बायकोकडे पाहिलं, बायकोने त्याच्याकडे.

"या आहेत," शिंपी म्हणाला.

"यांचं आपल्याशी नातं?"

"बायको."

गेटवाल्याचं पेन थांबलं. त्याने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. "म्हणजे एक आत हरवलीय आणि एक सोबत?"

"तसंच धरा," शिंपी म्हणाला.

"त्यांना माहीत होतं का?" गेटवाल्याने आवाज खाली आणून विचारलं.

"कोणाला?"

"आतल्या बाईंना."

"तिला सगळं माहीत असतं," शिंपी म्हणाला. गेटवाल्याने सुस्कारा सोडून दोघांना पाहुण्यांची पांढरी हेल्मेटं दिली.

अशा रीतीने फिटरबाई स्वतःच्या नवऱ्याला धीर द्यायला आत शिरल्या.

व्हॉल्व्हपाशी कलमसाहेब एका बाकावर खचून बसले होते. बाईंना पाहताच ते ताडकन उठले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद उमटला की बाईंचा सगळा राग विरघळला. माणूस खरंच घाबरला होता.

"सापडलात! कुठे होतात?"

"गेटवर."

"सापडल्याचं ठिकाण आवाराच्या आतलं लागतं," कलमसाहेब फॉर्म उघडत म्हणाले. मग त्यांची नजर पांढऱ्या हेल्मेटवर गेली. "तुम्ही पाहुण्या म्हणून आलात?"

"हो."

"मग हे सापडणं धरता येत नाही."

बाईंचं लक्ष तिकडे नव्हतं. त्या व्हॉल्व्हभोवती एक चक्कर मारून आल्या होत्या. झाकण आणि अंग यांच्यामधल्या फटीत त्यांनी एका बाजूने नख घातलं. नख आत गेलं. दुसऱ्या बाजूला कागदही गेला नसता.

"लंबू, नट ओळीने आवळलेस ना? एकामागून एक, गोल?"

लंबू हातातला पाना पुसायला लागला.

"आणि फट बुजवायचं गॅस्केट जुनंच?"

"नवं स्टोअरमध्ये होतं. साहेबांना घाई—"

"आणि केज कशी बसवलीस?"

"आधी होती तशीच," लंबू म्हणाला. सकाळचं संभाषण त्याच्या लक्षात आत्ता आलं.

शिंपीही वाकून बघत होता. "हे तिरकं शिवलंय," तो म्हणाला. "एका बाजूला ओढलंय. हे फाटणार."

बाईंनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. "हो," त्या म्हणाल्या. "नेमकं असंच."

"उघडा पुन्हा," कलमसाहेब म्हणाले, "पण बाई, पाहुण्यांना अवजाराला हात लावता येणार नाही. कलम सात."

"नाही लावत. पण कुलूप माझं आहे. काम माझ्या मनासारखं झालं तरच ते निघेल. हे कुठलं कलम?"

कलमसाहेबांनी पुस्तक चाळलं आणि आनंदाने म्हणाले, "एकोणीस!"

बाई हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या. लंबूने पिवळं कुलूप पुन्हा साखळीत घातलं. निचरा उघडा आहे हे बाईंनी पुन्हा पाहायला लावलं. "आता नट सैल कर. पूर्ण काढू नकोस. आधी तुझ्यापासून लांबचे. आत कुठे वाफ अडकली असेल तर ती तुझ्या तोंडावर यायला नको." आठ नट ढिले झाले, झाकण किंचित उचललं, काही आलं नाही. तेव्हा चेन-ब्लॉकच्या कप्पीने झाकण वर घेतलं. दांडा आणि त्याच्या टोकाचा, वाफ अडवणारा प्लग बाहेर आले, मग केज. नवं गॅस्केट स्टोअरमधून आलं, कागदात गुंडाळलेलं.

बुजलेली भोकं साफ करायची होती. शिंप्याने कॉलरमधली सुई काढून पुढे केली.

"सुई नको," बाई पटकन म्हणाल्या. "पोलाद पोलादाला ओरखडतं. भोक केसभर मोठं झालं की वाफ तिथूनच पळते आणि पुन्हा बोंब. लाकडी काडी घ्या आणि हवा मारा." कलम सातमध्ये अवजारांची यादी होती. तिच्यात काडी नव्हती. तेव्हा शिंपी जमिनीवर मांडी घालून बसला, केज जुन्या कापडावर घेतली आणि एकेक भोक कोरू लागला, काजं करावी तसं. लंबू पाठोपाठ हवा मारत गेला. दोनशे अठ्ठ्याऐंशी भोकं होती. शिंप्याने मोजली. त्याचं तोंड भोकाभोकातून उडालेल्या गंजाने तांबडं झालं होतं.

"तू हे रोज करतेस?" त्याने वर न बघता विचारलं.

"रोज असं नाही. कधी छोटे व्हॉल्व्ह असतात."

"मला वाटायचं, पाना फिरवतेस."

"तोही फिरवते."

मग बसवणं सुरू झालं. बाईंनी बैठकीच्या पृष्ठभागावर उजेड धरायला लावून ओरखडा नाही ना हे पाहिलं. नवं गॅस्केट. केज, बाण वर. प्लग सावकाश, कडेला घासू न देता. झाकण. नटांना तेल, मग नुसत्या हाताने जेवढे फिरतील तेवढे.

"आता समोरासमोर," बाई म्हणाल्या. "एक आवळला की त्याच्या समोरचा. मग त्यांच्या मधला, मग त्याच्या समोरचा. पहिल्या फेरीत तिसरा हिस्सा, दुसऱ्या फेरीत दोन, तिसऱ्या फेरीत पूर्ण."

लंबूचा गोंधळ होत होता. शिंप्याने खिशातून कापडावर खुणा करायचा खडू काढला आणि बाई सांगतील तसे प्रत्येक नटावर आकडे घातले, एकापासून आठपर्यंत. ठरवलेला जोर लागला की टॉर्क पाना प्रत्येक वेळी टक् करून थांबत होता. तिसऱ्या फेरीनंतर बाईंनी सगळीकडून नख लावून पाहिलं. कुठेच आत गेलं नाही. नखाला कलम सात लागू होतं का, यावर कलमसाहेबांनी मुद्दाम विचार केला नाही.

शेवटी दांड्याभोवतीचं पॅकिंग. "हे कमीच आवळ. जास्त आवळलंस तर दांडा अडकेल, आणि व्हॉल्व्ह वर-खाली झाला नाही की दाब कोण सांभाळणार? गळलं तर नंतर अर्धा पेच देता येतो." हवा देऊन दांडा तीनदा वर-खाली केला. लोण्यातून जावा तसा गेला.

आता कुलूप. लंबूने पिवळं काढलं. बाईंनी गळ्यातली किल्ली काढली आणि कलमसाहेब पुन्हा उभे राहिले.

"बाई, मला वाईट वाटतंय. पण पाहुणी व्यक्ती कुलूप काढू शकत नाही. आणि ज्यांचं कुलूप आहे त्या अजून सापडलेल्या नाहीत."

कलमसाहेब स्वतःच पानं उलटत राहिले. कपाळावर घाम होता. मग ते थांबले. "कलम चोवीस! हरवलेल्या कामगाराच्या वैयक्तिक वस्तू नातेवाइकाने सही करून ताब्यात घ्याव्यात. कुलूप वैयक्तिक आहे?"

"अगदीच," शिंपी म्हणाला.

"मग तुम्ही ताब्यात घ्या. काढायला सोबतच्या व्यक्तीची मदत चालेल."

शिंप्याने सही केली. बाईंनी सगळे लोक मागे आणि बाजूला हटवले, निचऱ्यापाशी लंबूला उभं केलं आणि कुलूप काढून नवऱ्याच्या हातात दिलं. साखळी खाली पडली.

तिकडे बॉयलर पेटला आणि दाब चढला. मग वाफ हळूहळू सोडली. आधी पाइप तापू दिला, निचऱ्यातून पाणी जाऊ दिलं, मग चाक पाव फेरा, मग अर्धा. बाई बाजूला उभं राहून झाकणाच्या कडेवर नजर ठेवून होत्या. कुठे वाफेचा धागा दिसला नाही. काटा चढला, पूर्ण दाबावर आला. व्हॉल्व्ह पोटातल्या पोटात फुसफुसला आणि तसाच फुसफुसत राहिला.

"चालू झाला का?" लंबू जिवाच्या आकांताने ओरडला.

"ओरडू नकोस," बाई म्हणाल्या. "झालाय."

कॅंटीनवाला दारातून डोकावला. कोणीतरी सवयीने एक बोट दाखवलं. "तोंड नाही का तुला?" कॅंटीनवाला म्हणाला, आणि स्वतःचाच आवाज ऐकून बिचकला.

परतताना गेटवाल्याने दोन पाहुणे आत, दोन पाहुणे बाहेर असं जुळवलं आणि शिंप्याला विचारलं, "काही पत्ता लागला?"

"लागला."

"बऱ्या आहेत?"

"छान काम करते," शिंपी म्हणाला.

घरी गेल्यावर तो कुठलं गॅस्केट कशासाठी, बाण उलटा असला तर नक्की काय होतं, हे विचारत बसला. जेवण निवलं. बाईंनी ताटातल्या पोळीवर बोटाने आठ नटांची आकृती काढून दाखवली.

नोंदीचं मात्र काही झालं नाही. कार्ड बंद झालेल्या माणसाला बाहेर पडता येत नाही आणि बाहेर न पडलेल्या माणसाची फाइल बंद होत नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कारखान्यात आगीचा सराव होई, शिरगणतीत एक माणूस कमी भरे, आणि कलमसाहेब सगळ्यांना उन्हात उभं ठेवून शोध घेत. तिसऱ्या महिन्यात त्यांनी बाईंना हात जोडले. तेव्हापासून बाई सोमवारी नवऱ्याच्या पासावर सोबत म्हणून येतात आणि अंगणात रांगेच्या शेवटी उभ्या राहतात. संख्या बरोबर भरते.

पहिल्यांदा आल्या तेव्हा गणती झाल्यावर त्यांनी विचारलं, "जरा व्हॉल्व्ह बघून येऊ?"

"बाई, पाहुण्यांना त्या इमारतीत परवानगी लागते," कलमसाहेब म्हणाले.

"पाहुणी कुठे? नोंदीप्रमाणे मी एकतीस वर्षांची इथली फिटर आहे आणि आतच आहे."

कलमसाहेबांनी पुस्तक उघडलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळलं आणि मिटलं. "जेवणाच्या सुट्टीपर्यंत या बाहेर," ते म्हणाले. मग जरा विचार करून त्यांनी "बाहेर" हा शब्द मागे घेतला.

आत लंबूने तोवर दुसरा एक व्हॉल्व्ह उघडून ठेवला होता आणि काढलेल्या झाकणाला पुन्हा हात न लावता वाट बघत बसला होता.